बिशप हॅलोज आणि गेनोरमावशी

बिशप हॅलोज आमच्या गावी राहायला आले तेव्हा सामानाच्या गाड्या संपता संपेनात. खोकी उतरवून गाडीवान घामाघूम झाला. मला म्हणाला, "लोरी, बायको नाही, पोरं नाहीत, मग या माणसाचा एवढा संसार कसला गं?" खोकं उघडलं तर आत पुस्तकं. सगळ्याच खोक्यांत पुस्तकं.

मी त्यांच्या घरची कारभारीण. तिसऱ्या जॉर्जचं राज्य होतं आणि आमच्या वेल्समध्ये बिशप यायचा तो इंग्लंडहून. गावाला त्यांची इंग्रजी कळेना, त्यांना गावाची वेल्श. ते प्रवचन द्यायचे तेव्हा माणसं मुकाट ऐकायची आणि मुकाट घरी जायची. आसपासचे इंग्रज जमीनदार कधी जेवायला यायचे, घोड्यांबद्दल बोलायचे. नवं आलेलं पुस्तक दाखवायला साहेब उठले की पाहुण्यांना निघायची घाई व्हायची. उघडलेलं पुस्तक हातात धरून साहेब तसेच दारात उभे राहायचे.

इंग्लंडात परत बोलावतील म्हणून त्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली. कुणी बोलावलं नाही. मग त्यांना आमच्या जुन्या पुस्तकांचा नाद लागला. कुठल्या घरी वेल्श पुस्तक आहे असं कळलं की निघायचे, आणि बोलणं समजावून सांगायला मला सोबत न्यायचे. वाचता एक शब्द येत नव्हता, पण कागदावरून बोट फिरवायचे, चामड्याचा वास घ्यायचे.

असंच डोंगरावर गेनोरमावशीकडे गेलो. मेंढपाळाची विधवा, एकटी राहायची. नवऱ्याचं प्रवचनांचं पुस्तक तिने आपणहून पुढे केलं. "ने बाई. छप्पर गळतंय. इथे कुजून जाईल."

पुढच्या रविवारी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात हजर. "पुस्तक कुठंय?"

साहेबांनी विचारलं, "परत हवंय का तिला?"

"परत नको म्हणते, साहेब. वाचायचंय म्हणते."

त्यांनी तिला आपल्या खोलीतली शेगडीजवळची खुर्ची दिली. मावशीला मनातल्या मनात वाचता यायचं नाही. तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"काय वाचतेय ती?"

"नरकाबद्दल आहे, साहेब."

"एवढ्या आनंदाने?"

मी ते मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "घरी कुणाला ऐकवू? मेंढ्यांना? इथे निदान एक माणूस तरी बसतोय."

मग दर रविवारी ती यायची. ओटची भाकरी आणि ताक घ्यायची, वाचायची, जायची. पुढे पुढे साहेब अर्थ सांगायला मला थांबवूनही घेईनात. हिवाळ्यात तिचे डोळे अधू झाले, तेव्हा साहेबांनी माझ्याकडून वेल्श अक्षरांचे उच्चार शिकून घेतले आणि स्वतः वाचायला बसले. मावशी हसून हसून लाल झाली. मला म्हणाली, "अगं, मेंढी चघळतेय की बिशप वाचतोय? सांगू नकोस हं त्यांना!"

"काय म्हणाली?" साहेबांनी विचारलं. मी सांगून टाकलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या घरात मी त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं.

वसंतात एका रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. आम्ही डोंगरावर गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मुलगा गाडी घेऊन आला आणि घेऊन गेला तिला. पलीकडे पाटीच्या दगडाच्या खाणीवर राहतो तो. तिला निरोप घ्यायलाही वेळ दिला नाही मेल्याने."

साहेबांनी पुस्तक कापडात गुंडाळलं आणि मला घेऊन डोंगर ओलांडला. खाणकामगाराच्या त्या बुटक्या घरात बिशप वाकून शिरले. सुनेला कळेना, बसवावं कुठे. मावशीला आता काहीच दिसत नव्हतं. साहेबांनी एक पान वाचलं. तिने मान डोलावली आणि सुनेला ऐटीत म्हणाली, "बिशप आहेत ते. माझ्याकडे शिकतात."

पुस्तक तिच्या मांडीवर ठेवून आम्ही निघालो. वाटेत साहेब एवढंच म्हणाले, "तिथे तिला वाचून दाखवणारं कुणी आहे का, लोरी?"

"नाही, साहेब. सुनेला अक्षर येत नाही."

त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, पण घोडा थांबवला नाही.

बर्फ पडायच्या आत मावशी गेल्याची बातमी आली. त्यानंतर साहेब पुष्कळ वर्षं जगले. पुस्तकं येत राहिली, फळ्या भरल्या, मग जिन्याच्या पायऱ्याही. वेल्श पुस्तकं ते उघडून बघायचे, पण मोठ्याने एक ओळ वाचली नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "मी बसते की ऐकायला."

"नको," ते हळूच म्हणाले. "तू हसणार नाहीस."