गच्चीवर किती येतं ते सांगा

किल्ली अर्धी फिरवायची, तर्जनी वर करायची आणि म्हणायचं, "थांबा. ऐकू द्या."

गाडीत शेजारी बसलेला माणूस कोणीही असो, त्याला बोलता बोलता गप्प व्हावंच लागे. मग मागच्या सीटखालून बारीक घुंऽऽ असा आवाज येई, क्षण दोन क्षण टिके आणि थांबे. तो पेट्रोलच्या पंपाचा आवाज. इंजिन सुरू व्हायच्या आधी पंप नळीत दाब भरून ठेवतो. तुमच्या-आमच्या गाडीतही तो येतो, पण आपण गाणी लावायच्या घाईत असतो. आमच्या डॉक्टरबाई तो रोज ऐकायच्या. मनासारखा आला की मान हलवायच्या आणि मगच किल्ली पुढे फिरवायच्या.

डॉक्टर म्हणजे दातांच्या. कर्वेनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना होता. सारं आयुष्य तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलण्यात गेल्यामुळे उत्तराची वाट पाहायची सवय त्यांना उरली नव्हती. "काय, बरं आहे ना? बरंच असणार," असं म्हणून त्या पुढे गेलेल्या असत. दवाखाना बंद केल्यावर त्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या आणि सभासदांना मजल्यांच्या नावाने हाका मारू लागल्या. मी त्यांच्यासाठी कायमचा 'दुसरा मजला' झालो.

"अहो दुसरा मजला, तुमची स्कूटर तिरकी लागलीय. मनाने तुम्ही सरळ असाल, पण पार्किंग मनाने होत नाही."

अशा बाईंकडे एक राखाडी रंगाची जुनी सेडान होती. दिसायला अगदी पेन्शनर. बॉनेटखाली मात्र मूळच्यापेक्षा मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवलेला. गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी वळली की भाजीवाला हातातला तराजू खाली ठेवून पाहत राही. मी एकदा विचारलं, हे वेड कुठून आलं? तर म्हणाल्या, "लोक मोकळ्या वेळात भिशी लावतात. मी टर्बो लावला."

दर हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका खासगी धावपट्टीवर गाड्यांची शर्यत होई. एका वेळी एकच गाडी, सरळ पट्टी आणि घड्याळ. डॉक्टरबाई दर वर्षी उतरायच्या आणि दर वर्षी एकाच जागी त्यांचा घात व्हायचा. पट्टीच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर लावलेली आहे, तिथे इंजिन ठसकायचं. टर्बो हवा भरपूर कोंबायचा, पेट्रोल मात्र तेवढं पोचायचं नाही. तशा वेळी पाय दाबून ठेवला तर इंजिन आतून जळतं. त्यांच्या गाडीचं सगळं काम करणाऱ्या सलीमभाईंच्या टेबलावर असाच एक वितळलेला पिस्टन होता. त्याला पडलेल्या खड्ड्यात ते स्क्रू ठेवत, आणि उतावळ्या गिऱ्हाइकासमोर तो नुसता सरकवत.

त्यामुळे खांबापाशी पाय उचलावा लागे. घरी येताना डॉक्टरबाई गप्प असायच्या, आणि त्या गप्प असणं म्हणजे काय हे आमच्या गल्लीलाच कळे.

गेल्या वर्षी आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगणार होतो, त्या नागपूरला मुलीकडे जाणार होत्या. गाडी विकायची होती. म्हणजे त्या हिवाळ्यातली शर्यत शेवटची. एका संध्याकाळी जिन्यात मला थांबवून त्या म्हणाल्या, "मला नंबर नको, कप नको. एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत पाय न उचलता जायचंय." आणि मग नेहमीच्या आवाजात, "पंप बदलायचा. उद्या नाना पेठेत चला. सुट्टी आहे ना? असणारच."

मला सुट्टी नव्हती. मी गेलो.

आता पंपाच्या बाबतीत बाईंचा एक इतिहास होता, तो सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. आमच्या सोसायटीने एकदा पाण्याचा नवा पंप घेतला. विकणाऱ्याने तो खाली अंगणात चालू करून दाखवला. पाणी असं धो धो आलं, की तळमजल्याने टाळ्या वाजवल्या. जोडल्यावर पाहतो तर गच्चीवरच्या टाकीत करंगळीएवढी धार. डॉक्टरबाई चौथ्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहायच्या. तेव्हापासून सोसायटीत कोणीही कसलीही फुशारकी मारली, अगदी मुलाच्या पगाराची मारली, तरी त्या चष्मा वर करून विचारायच्या, "ते ठीक आहे. गच्चीवर किती येतं ते सांगा."

नाना पेठेतल्या दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली. सलीमभाईंचा हात सरळ सगळ्यात मोठ्यावर गेला. "डॉक्टर, हाच घ्या. रेसवाली सगळी पोरं हाच लावतात. धबधबा आहे धबधबा."

"सगळी पोरं तळमजल्यावर राहतात," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि दुकानदाराकडे वळल्या. "हा खोक्यावरचा आकडा नळी मोकळी सोडल्यावरचा आहे. माझ्या दाबाला किती देतो?"

दुकानदार अस्सल पुण्याचा. "बाई, तुम्हाला खोकं वाचता येतं म्हणून सांगतो, बाजूलाच तक्ता छापलाय."

"म्हणून तर विचारलं. तुम्ही वाचलाय का ते पाहिलं."

मला दाबाची भानगड कळेना. त्यांनी तिथेच समजावलं. "अहो, तुम्ही चूळ टाकताय आणि कोणी समोरून तोंडावर पंखा धरला तर? जोर लावावा लागेल ना? टर्बो तसा समोरून हवा मारतो. पेट्रोलला त्या हवेच्या विरुद्ध आत शिरायचं असतं. आणि जोर वाढवला की प्रत्येक पंपाची धार कमी होते. कोणाची किती कमी होते, तेवढंच पाहायचं."

मग तिघेही तक्त्यांवर वाकले. सगळ्यात छोटा पंप दाब वाढल्यावर हात टेकत होता. मोठा भरपूर देत होता, पण जे पेट्रोल इंजिन घेणार नाही ते टाकीत परत जाणार, आणि त्यांच्या गाडीची परतीची नळी मूळची, बारीक. "म्हणजे सगळं तुंबणार, वर पेट्रोल तापणार," सलीमभाईंनीच कबूल केलं. मधला त्यांना लागतं त्याहून थोडं जास्त देत होता. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते त्याला सोसतं असंही वर लिहिलं होतं. डॉक्टरबाईंनी मधलं खोकं उचललं, कानाशी नेलं आणि हलवून पाहिलं. खोक्यातून काय ऐकू येणार! पण त्यांचा चेहरा असा खुलला होता, की दुकानदारही हसला. मी घड्याळ पाहिलं तर ऑफिसची मीटिंग होऊन गेली होती, आणि मला तिचं काहीच वाटलं नाही. उलट असं वाटत होतं, की आम्ही तिघं आत्ताच पळत धावपट्टीवर जावं.

पंप बसला. पेट्रोलचा दाब दाखवणारं एक घड्याळ काचेवर बाहेरून चिकटवलं, चालवताना सुई दिसावी म्हणून. बाईंना घरी पार्किंगमध्ये गाडी थोडा वेळ चालू ठेवून ती सुई पाहायची होती. पण तिथे त्यांनीच पाटी लावली होती : 'पार्किंग गाड्या उभ्या करण्यासाठी आहे. गुरगुरण्यासाठी नाही.' तेव्हा त्यांनी सेक्रेटरींच्या नावे रीतसर अर्ज केला, रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यावर 'नामंजूर' असा शेरा मारून सही केली. "सेक्रेटरी फार कडक आहे हो," मला म्हणाल्या आणि गाडी घेऊन सलीमभाईंकडे गेल्या.

शनिवारी धावपट्टीवर सरावाची फेरी होती. तिच्यात शेजारी माणूस बसलेला चालत असे. मला हेल्मेट घालून बसवलं आणि सुई वाचायचं काम दिलं. सुटलो! पाठ सीटला चिकटली. मी ओरडत होतो, "चढतेय... चढतेय... अजून चढतेय!" खांब जवळ आला. "थांबली... पडतेय! पडली!"

त्यांनी पाय उचलला.

परत येऊन गाडी उभी केली. सलीमभाई खाली मान घालून म्हणाले, "मी मोठा घ्या म्हणत होतो, डॉक्टर." डॉक्टरबाईंनी हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते, आणि पहिल्यांदाच त्या मला वयस्कर दिसल्या. "मग आता काय करायचं, सलीमभाई?" त्यांनी विचारलं. आणि काय सांगू, त्या थांबल्या. खरोखर उत्तराची वाट पाहत थांबल्या.

सलीमभाईंनाही ते जाणवलं असावं. त्यांनी मागची सीट उचलली, पंपाच्या वायरींना मीटर लावला आणि मला इंजिनचा वेग चढवायला सांगितलं. थोड्या वेळाने आतूनच त्यांची आरोळी आली. "पंप बरोबर आहे, डॉक्टर! एकदम बरोबर! त्याला करंट पोचत नाहीये. वायर जुनी, बारीक. जोर लावायच्या वेळेलाच बिचारा उपाशी राहतो. मोठा लावला असता तर याच्याहून वाईट झालं असतं, तो करंट जास्त खातो."

डॉक्टरबाई इतक्या मोठ्यांदा हसल्या, की शेजारच्या तंबूतली मंडळी वळून बघू लागली. "म्हणजे गच्चीवर पेट्रोल किती येतं ते मी विचारलं, वीज किती येते ते नाही!" ऊन कलेपर्यंत सलीमभाईंनी बॅटरीपासून पंपापर्यंत जाड वायर ओढली. आम्ही दोघं त्यांना टॉर्च, पक्कड, चहा, जे मागतील ते देत होतो.

रविवारच्या फेरीत शेजारी कोणी बसू शकत नाही. रांगेत त्यांची पाळी आली तेव्हा झेंडा धरलेला माणूस काहीतरी सूचना द्यायला काचेशी वाकला. आतून बोट वर झालं. तो बिचारा झेंड्यासकट गप्प उभा राहिला. घुंऽऽ. आवाज कालच्यापेक्षा भरदार होता, माझी खात्री आहे.

मी आणि सलीमभाई जाळीपाशी उभे होतो. गाडी सुटली. सलीमभाईंनी डोळे मिटून घेतले आणि कान पुढे केला. आवाज चढत गेला, गिअर पडला, पुन्हा चढला. माझी बोटं जाळीत रुतली होती. खांब आला. याच जागी, दर वर्षी... आणि आवाज तुटला नाही! खांब मागे पडला, आवाज तसाच सलग, ताणलेला, पुढे पुढे जात राहिला, पट्टी संपेपर्यंत. सलीमभाईंनी मला मिठी मारली. ग्रीसचे डाग शर्टवर अजून आहेत. मी रडत होतो, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

गाडी हळूहळू परत आली, काच खाली झाली. बाईंचा चेहरा लाल झाला होता. "आलं," त्या म्हणाल्या. "गच्चीवर आलं." कितवा नंबर लागला ते त्यांनी विचारलंच नाही. तो बराच खालचा होता.

पुढच्या आठवड्यात गाडी बघायला गिऱ्हाईक यायला लागलं. पहिल्या गृहस्थाने बसल्या बसल्या किल्ली फिरवून इंजिन चालू केलं. "गाडी विकली गेलीय," बाई म्हणाल्या. "कोणाला?" त्याने विचारलं. "ते अजून आलेले नाहीत."

ते म्हणजे चाकणच्या एका कारखान्यात काम करणारी एक मुलगी निघाली. तिने किल्ली अर्धी फिरवली आणि चमकून मागे पाहिलं. "मॅडम, पंप बदललाय का? साउंड वेगळा आहे." बाईंनी तिथेच किल्ली तिच्या मुठीत दाबली. कागद नंतर झाले. मग त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चला दुसरा मजला, आता सामान बांधायचं," आणि जिना चढताना एकदाही मागे वळल्या नाहीत.

आमच्या इमारतीच्या जागी आता मोठा खड्डा आहे. बाई नागपूरला आहेत. परवा मी मंडईत कोथिंबीर घेऊन बाहेर पडलो, तर समोर ती राखाडी गाडी. आत तीच मुलगी आणि शेजारी एक ज्येष्ठ बाई, सासू असाव्यात. हातवारे करून त्या भाजीवाल्याबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होत्या. मुलीने किल्लीला हात घातला आणि तर्जनी वर केली. सासूबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या.

मीही पिशवी हातात धरून भर रस्त्यात थांबलो. मग गाडी निघून गेली आणि मी तिथूनच नागपूरला फोन लावला, सगळं सांगितलं.

"आवाज ऐकू आला का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. मंडईच्या गोंगाटात कुठला ऐकू येतोय!"

"मला आला," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.