पहाटेचे पाणी आणि दहाची जीप

डॉ. शैलजा बेहेरे यांचे गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, बेंगळुरूतील राजाजीनगरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. गोड्या पाण्यातील मासे आणि तळ्यांचे प्रदूषण हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. एका सरकारी संशोधन संस्थेतून त्या निवृत्त झाल्या, त्याला अजून वर्ष व्हायचे आहे. बातमी मला त्यांचे पती मोहनराव यांनी फोनवरून दिली. "शैला गेली," एवढे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "पेपरात काही देणार असशील तर तो अहवाल तिचा म्हणून लिहू नकोस..." पत्नीच्या मृत्यूची बातमी देताना दुसरे वाक्य एका अहवालाचे यावे, हे ज्यांना विचित्र वाटेल त्यांच्यासाठी त्या अहवालाची हकीकत सांगणे आवश्यक आहे.

आम्ही एकाच गल्लीत वाढलो. त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच सरकारी कारखान्यात अभियंते होते, दोघेही नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले. गल्लीतल्या आम्हा सगळ्या मुलांच्या त्या शैलाक्का. घरात मराठीच, पण "स्वल्प थांब" आणि "सरी, निघूया" असे कन्नड शब्द त्याच मराठीत मिसळलेले. शाळेत असताना त्यांनी डासांच्या अळ्या खातात म्हणून घरच्या सिमेंटच्या हौदात छोटे मासे सोडले होते. त्यांच्या आईने हौदावरून भांडण काढले. "या पाण्याचा चहा मी पाहुण्यांना कसा देऊ?" शैलाक्का म्हणाल्या, "मासे पोहतायत तोवर खुशाल दे. मेले की मग देऊ नकोस." आई आठवडाभर बोलली नाही आणि शेजारून पाणी आणत राहिली. शैलाक्कांनी मासे काढले नाहीत. पुढे त्यांनी मत्स्यविज्ञान घेतले तेव्हा गल्लीत कोणालाच आश्चर्य वाटले नाही.

अहवालाचे तळे महादेवपुराच्या मागच्या बाजूला आहे. आयटी पार्क झाले, त्यांच्या पाठोपाठ मोठी गृहसंकुले आली, आणि तळ्यातले मासे मरू लागले. सकाळी काठाला पांढऱ्या पोटांचा थर दिसायचा. तळ्यात मासेमारीचा ठेका मुनियप्पा नावाच्या माणसाकडे होता. त्याने आणि आसपासच्या रहिवाशांनी तक्रार केली की संकुले मैलापाणी प्रक्रिया न करता सोडतात. तक्रारीची शहानिशा करण्याचे काम शैलाक्कांच्या संस्थेकडे आले आणि प्रमुख संशोधक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

मैलापाण्यावर शेवाळ पोसले जाते. दिवसा उन्हात हेच शेवाळ पाण्यात भरपूर प्राणवायू सोडते. अंधार पडला की ते सोडणे थांबते, उलट शेवाळ आणि जिवाणू मिळून होता तो प्राणवायू संपवतात. सूर्य उगवण्याआधी पाणी सर्वांत वाईट अवस्थेत असते, आणि मासे मरतात ते तेव्हा. दुपारी त्याच ठिकाणी मोजले तर पाणी उत्तम निघते. हे या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. संस्थेची जीप मात्र हजेरी लागल्यावर, दहानंतर सुटायची. राजाजीनगरच्या बाजूने निघून महादेवपुरापर्यंतची वाहतूक पार करेपर्यंत दुपार झालेली असायची. शहरातल्या कोणत्याही तळ्याचा नमुना संस्थेने कधी दुपारपूर्वी घेतला नव्हता. तसा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. जीपची तशी पद्धत होती.

शैलाक्कांनी पहाटे गाडी मागितली. वाहन विभागातल्या कारकुनाने सांगितले, "अक्का, लॉगबुक दहालाच उघडतं. त्याआधी गाडी काढली तर ती मी चोरीला गेली असं लिहू का?"

"लिही," त्या म्हणाल्या. "मासे लॉगबुक उघडायची वाट बघत नाहीत."

गाडी मिळाली नाही. त्या मोहनरावांच्या स्कूटरवरून जाऊ लागल्या. मोहनराव निवृत्त बँक अधिकारी. पहाटे उठायचा त्यांना मनस्वी कंटाळा, पण बाटल्यांची पेटी पायांत धरून ते स्कूटर चालवायचे. एकदा मी बरोबर गेलो. उजाडायचे होते. शैलाक्कांनी होडीतून जाऊन पाणी भरले आणि काठावर येऊन बाटलीत दोन रसायने घातली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. साका पांढरा धरला, दुधासारखा. त्यांनी बाटली मुनियप्पापुढे धरली. तो कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, हे दाखवून साहेबलोकांना पटेल?" त्या म्हणाल्या, "पटायचं काय त्यात? डोळ्यांनी दिसतंय." त्याच दिवशी दुपारी संस्थेची जीप आली. त्याच जागी, त्याच रसायनांनी साका गडद तपकिरी आला. जीपमधला सहायक खूश झाला. "मॅडम, पाणी फर्स्ट क्लास आहे." शैलाक्का हसल्या नाहीत. मोहनराव मात्र मला म्हणाले, "मग हिने मला इतक्या पहाटे का उठवलं, ते यालाच विचार."

अहवालात त्यांनी दोन्ही वेळांचे आकडे दिले. पहाटेच्या नमुन्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि मासे मरण्याचे कारण मैलापाणी असल्याचा निष्कर्ष त्यावर बेतला. संस्थेत एक रिवाज होता. मसुदा संस्थेच्या तपासणी समितीकडे जाताना प्रमुख संशोधक मुखपृष्ठाच्या पानावर आधीच सही करून देत असे, म्हणजे छपाईच्या वेळी सहीसाठी कोणाला शोधावे लागत नसे. सगळे तसेच करत. शैलाक्कांनीही केले. समितीने ते प्रकरण वगळले. कारण इतिवृत्तात नोंदलेले आहे. पहाटेचे नमुने कार्यालयीन वेळेबाहेर, खासगी दुचाकीवरून आणलेले असल्याने आणि त्यांची वाहननोंद उपलब्ध नसल्याने ते ग्राह्य धरता येत नाहीत. उरलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की तळ्यातील प्राणवायूचे प्रमाण मत्स्यजीवनास पुरेसे आहे. तो शैलाक्कांच्या सहीच्या पानामागे छापला गेला. छापील प्रत टेबलावर आली तेव्हा त्यांना कळले.

या अहवालाच्या आधारे संकुलांविरुद्धची तक्रार निकाली काढण्यात आली. मी माझ्या वृत्तपत्रात वगळलेल्या प्रकरणाची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी संस्थेचा खुलासा बातमीपेक्षा मोठा छापून आला. खुलाशात म्हटले होते की अहवालावर प्रमुख संशोधकांची स्वतःची सही आहे.

मुनियप्पाने छापील अहवाल कोणाकडून तरी वाचून घेतला. शैलाक्का नंतर तळ्यावर गेल्या तेव्हा तो काठावर जाळे आवरत होता. "या, मेडम," तो म्हणाला. तोवर तो त्यांना अक्काच म्हणत असे. "पाणी चांगलं आहे असं तुम्ही लिहिलंत. मग माझ्या माशांनी काय, जीव दिला?" त्या म्हणाल्या, "मी तसं लिहिलेलं नाही, मुनियप्पा." तो म्हणाला, "नाव तुमचं आहे ना?" ही हकीकत त्यांनी मला स्वतः सांगितली, आणि सांगताना 'मेडम' हा शब्द दोनदा उच्चारला.

त्यांनी संस्थेला लिहून दिले की अहवालावरून आपले नाव काढावे. संचालकांनी त्यांना बोलावून घेतले. "मॅडम, निवृत्ती जवळ आली आहे. लोकांना शेवटच्या वर्षात नाव लागत नाही म्हणून भांडताना मी पाहिलं आहे. नाव काढा म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्या म्हणाल्या, "मग वगळलेलं प्रकरण घाला, नाव राहू द्या." संचालक म्हणाले, "अर्ज विचाराधीन आहे." निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, चंदनाच्या लाकडाचा हत्ती मिळाला, आणि अर्ज तेव्हाही विचाराधीन होता. निवृत्तीनंतर त्यांनी चौकशी केली. सेवेतून बाहेर पडलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रलंबित फायली बंद होतात, असे त्यांना सांगण्यात आले.

आमची शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. त्या भाजी निवडत होत्या. मुनियप्पाने ठेका सोडला होता आणि तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती त्यांतल्याच एका संकुलाच्या फाटकावर रखवालीला लागला होता, हे मला त्यांच्याकडून कळले. मी विचारले, भेटलात का? "गेले होते. त्याने गाडीचा नंबर विचारला, कोणाकडे जायचंय विचारलं..." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "सलाम केला रे त्याने मला." मग निवडलेल्या भाजीतले देठ पुन्हा वेगळे करू लागल्या. मोहनराव आतून म्हणाले, "नव्याने अर्ज कर, मी टाईप करून देतो." त्या म्हणाल्या, "करू. सोमवारनंतर करू." तो अर्ज झाला नाही.

संस्थेने शोकसभा घेतली. फोटोला हार होता. शेजारच्या टेबलावर त्यांची प्रकाशने मांडली होती आणि हा अहवाल सर्वांत पुढे होता. संचालकांनी तो हातात घेऊन, मॅडमच्या दीर्घ सेवेचा हा कळस आहे, असे सांगितले. मोहनरावांना बोलायची विनंती झाली. ते उभे राहिले. "तो अहवाल खाली ठेवा," एवढेच म्हणाले आणि बसले. संचालकांनी अहवाल खाली ठेवला. पुढच्या वक्त्याचे भाषण सुरू झाले.

त्यानंतर मोहनरावांनी पती म्हणून अर्ज केला. उत्तर ई-मेलने आले. मोहनरावांनी ते मला वाचायला दिले. संशोधकाचे नाव वगळण्यासाठी संशोधकाने स्वतःच्या सहीने अर्ज करणे आवश्यक आहे, वारसांच्या अर्जावरून नाव वगळण्याची तरतूद नाही, आणि प्रकाशित अहवालाच्या मुखपृष्ठात बदल करता येत नाही, असे त्यात नमूद आहे.

हा मजकूर छपाईला जाईपर्यंत अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. मुखपृष्ठावर प्रमुख संशोधक म्हणून डॉ. शैलजा बेहेरे यांचे नाव आहे. नावाआधी 'दिवंगत' हा शब्द जोडण्यात आला आहे.