एक जाकीट, दोघांची गाडी

मित्रहो, आज दुपारी अमरावतीत मी एक वाद जिंकलो. त्याचा परिणाम आपल्यापुढे ठेवतो.

माझा भाचा गजानन आपल्या पत्नीला, सुनीताला, रोज मोटारसायकलवर मोर्शीच्या दवाखान्यात पोहोचवतो. ती तेथे परिचारिका आहे. अपघातात पडताक्षणी फुगणारे एअरबॅगचे जाकीट निवडण्यासाठी दोघांनी मला सोबत नेले. दुकानात एकच शिल्लक होते.

गजाननने ते अंगावर चढवले. "मामा, हे मलेच पाह्यजे. ज्याच्या भरवशावर घर चालते, त्यानं सोताले जपलं पाह्यजे."

"तत्त्व मान्य," मी म्हणालो. "तुझी संत्र्याची बाग वाळल्यापासून घर सुनीताच्या पगारावर चालते. म्हणजे जाकीट तिचे. तू केवळ गाडी चालवतोस. चालवणारा दुसराही मिळेल."

दुकानदार सलीमभाई मोठ्याने हसले. गजाननने जाकीट काढून काउंटरवर टाकले. "कोनालेच नाई पाह्यजे. चाल वं, बस गाडीवर."

सुनीता साडी सावरून त्याच्या मागे एका अंगाने बसली.

"मामाजी, यायनं घातलं असतं त मले चाललं असतं," ती म्हणाली. "एक जन त वाचला असता. आता दोघंबी तसेच चाललो."

माझ्या युक्तिवादात दोष नव्हता. मी तो पुन्हा तपासला आहे. ती दोघे या क्षणी मोर्शीच्या रस्त्यावर आहेत आणि जाकीट दुकानात आहे.

माझ्या जागी आपण असता, तर गजाननला खरे ऐकवले असते, की ते जाकीट घेऊ दिले असते?