मक्यावरची गळती

२० मे १९५७. दुपारची जेवणं आवरून मी खळीने कागदी पिशव्या चिकटवत बसले होते. आमचे हे शेतकी खात्यात, मक्याच्या कामावर. उन्हाळ्यात कणसं नीट भरत नाहीत, म्हणून ऊन सोसणारं वाण त्यांना निवडायचं होतं. माधव नगरातल्या आमच्या क्वार्टरमागेही त्यांनी पाच ओळी लावल्या होत्या. एका झाडाचा पराग दुसऱ्यावर पडू नये म्हणून पिशव्या घालायच्या आणि पाणी दहा दिवसांतून एकदाच द्यायचं, असा त्यांचा नियम.

बहुतेक झाडं करपली. भिंतीलगतची तीन मात्र हिरवीगार, कणसं दाण्यांनी गच्च. हे तिथे नवरदेवाच्या बापासारखे फिरत. कारणही होतं. नवं राज्य झाल्यापासून बदल्यांच्या याद्या निघत होत्या आणि ह्यांचं नाव बस्तरच्या यादीत होतं. वाण हाती लागलं तर उज्जैनलाच ठेवू, असं भोपाळच्या साहेबांनी कळवलं होतं. साहेब गुरुवारी येणार होते.

मी शिकवत होते त्या शाळेला २० तारखेलाच सुट्टी लागली, म्हणून दुपारी मी घरी. हे कचेरीत. सासूबाई तीन लहान मटके घेऊन मागे गेल्या आणि भिंतीच्या खुंट्यांना त्यांनी ते टांगले. मटक्यांच्या बुडाला भोक, त्यात कापसाची वात. थेंब थेंब पाणी त्या तीन झाडांवर.

"आई, हे काय?"

"वैशाखात महाकाळाच्या पिंडीवर गळती लावतात. ह्या झाडांनी काय घोडं मारलंय?"

"तीनच झाडांना?"

"खुंट्या तीनच आहेत."

"अहो, ही उन्हात टिकतात का, ते बघायचं होतं."

"टिकली की."

ह्यांच्या येण्याआधी त्या रोज मटके उतरवून ठेवत. लपवत नव्हत्या, ऊन उतरल्यावर गळती कशाला, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. ते पायातले जोडे न काढताच मागे जाऊन खुंट्या बघून आले. मग म्हणाले, "साहेबांना कुठे कळणारेय?"

"साहेबांना नाही कळणार. बी पेरणाऱ्यांना कळेल. ते काय तुमच्या आईला शेतावर घेऊन जाणार आहेत?"

"बोलावलं तर जाईन," सासूबाई आतून म्हणाल्या.

हे हसले नाहीत. पण कागद घेतला आणि साहेबांना लिहिलं, की तीन झाडांना घरून चुकून पाणी मिळालं, ती निवडीतून वगळावीत. कोणी दिलं ते लिहिलं नाही. सासूबाईंनी बस्तरला मका होतो का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या तीन झाडांची सगळी कणसं तोडली, किसली आणि दूध घालून भुट्ट्याचा कीस केला. ह्यांनी दोनदा वाढून घेतला. मग पत्र त्यांच्या खिशातून काढून मी स्वतः फ्रीगंजच्या पोस्टात टाकून आले. त्यांच्या खिशात ते गुरुवारपर्यंत राहिलं असतं.