ज्वारीत हरवलेला गज

वडिलांचा पाय मोडला तेव्हा ज्वारी दुधात होती. मचाणाची पायरी तुटली आणि ते खाली आले. आदिलाबादच्या दवाखान्यातून मांडीपर्यंत प्लास्टर घालून आणलं आणि अंगणात खाटेवर निजवलं. भीमपूरकडच्या आमच्या गावात तेव्हा, ऐंशीच्या दशकात, कापूस विकायला असायचा आणि ज्वारी खायला. नाल्याकाठचं ते एक वावर म्हणजे घराची वर्षाची भाकर. वरच्या अंगाची वावरं रानडुकरांनी आधीच लोळवली होती. कळपाला आता उभं पीक उरलं होतं ते आमचंच.

भाऊ बेल्लमपल्लीला खाणीत होता, त्याला सुटी मिळेना. राहिलो मी आणि माय. मी विशीतली, स्थळं बघणं सुरू होतं. आधी डबा वाजवून पाहिला. पहिल्या संध्याकाळी डुकरं पळाली. मग ती थांबून ऐकू लागली. पुढे तर डब्याकडे पाठ करून चरू लागली.

मग मी वडिलांना म्हटलं, "बाबा, मले बंदूक शिकवा."

बंदूक ठासणीची, आजोबांच्या वेळची. पीक राखण्यासाठीचं लायसन वडिलांच्या नावावर. त्या बंदुकीनं त्यांनी कधी जनावर मारलं नाही. नळीत नुसती दारू ठासून बार काढायचा, की त्या आवाजानं कळप बरेच दिवस फिरकत नसे.

माय भडकली. "पोरीच्या जातीले बंदूक! पाहुणे आले तं काय सांगू? चहा बी करते अन् बार बी काढते?"

"सांग ना," बाबा खाटेवरून म्हणाले. "हुंडा मागाची हिंमत नाही होनार कोनाची."

मला काम क्रमानं लागतं. तेव्हाही लागायचं. बाबांनी सांगितलं ते मी बोटांवर घोकलं. नळीत दारू. वर चिंध्यांचा बोळा. गजानं ठासायचं, लोखंडी गज आतून उसळी मारून हाताला लागेस्तोवर. मग घोड्याखाली दारू पेटवणारी टोपी बसवायची, नळी आभाळाकडे, घोडा मागे, खांद्याला दस्ता घट्ट, आणि चाप. दारू थोडी होती म्हणून सगळा सराव कोरडाच, खाटेशेजारी. माय रागात होती, तरी माझं ठासून झालं की हातातलं काम टाकून यायची, नळीतला गज ओढून घ्यायची, पदरानं पुसायची आणि हातात धरून उभी राहायची. बाबांबरोबर मचाणावर ती वर्षानुवर्षं तेच करत आली होती. त्यात काही शिकवण्यासारखं आहे असं आम्हां तिघांपैकी कोणालाच वाटलं नाही.

"आता बरोब्बर जमलं," बाबा म्हणाले. "जाय."

दिवेलागणीला आम्ही वावरात गेलो. माय डबा घेऊन नाल्याच्या अंगाला गेली, कारण कळप तिकडूनच शिरायचा. मी वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहिले. थोड्या वेळानं ज्वारीची ताटं मोडल्याचा कडाकड आवाज येऊ लागला. प्रत्येक आवाजाला एक भाकर गेली असं वाटायचं. घाईत थोडी दारू पायावर सांडली. पण क्रम सोडला नाही. दारू, बोळा, गज, टोपी, घोडा. चाप ओढला.

दस्त्यानं खांदा मागे लोटला. धूर झाला, आणि धुरातून काहीतरी सूं करत वर गेलं. कळप बांधावरून पलीकडे पळाला. मी मोठ्यानं हसले. दुसरा बार भरून ठेवावा म्हणून गजाला हात घातला. गज नव्हता.

माय धापा टाकत आली. "गेले! सारे गेले वो! गज कुठी हाये?"

मी वर आभाळाकडे पाहिलं. तिनं आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"अरे देवा, गज तं मीच काढत होती ना," ती म्हणाली.

सकाळी शोधायला निघालो. ज्वारी डोक्याच्या वर. दोन्ही हातांनी ताटं फाकवत चाललो, तरी मोडायची ती मोडलीच. मागे वळून पाहिलं तर आम्ही पाडलेली वाट डुकरांच्या वाटेसारखीच दिसत होती. तिथंच थांबलो.

बाबांनी खाटेवर बसून बांबूची कामठी तासून दिली. त्याच संध्याकाळी ठासताना ती नळीत, दारूच्या वरच, कडकन मोडली आणि रुतून बसली. "आता तिले हात नोको लावू," बाबा म्हणाले. दुरुस्ती आदिलाबादला व्हायची, आणि ज्याचं लायसन त्यालाच बंदूक घेऊन बसमध्ये बसता यायचं. त्या माणसाला तर परसात न्यायलाही दोघं लागायची.

गावात दुसरी बंदूक एका शेजारकाकांकडे होती. मी त्यांच्या पाया पडले.

"बाई, तुले बंदूक देली," ते हसत म्हणाले, "तं मले गज कोन देईन?"

पारावरचे सगळे हसले. काका थोड्या वेळानं गंभीर झाले, पण बंदूक दिली नाही. लायसन त्यांचं होतं, त्यांचंही खरं होतं.

काही दिवसांनी कळप परत आला. आम्ही दोघी डबे बडवत, ओरडत, शेवटी रडत वावराभोवती धावलो. डुकरांनी मान वर केली नाही. बाबा घरून हाका मारून विचारत, "गेले का?" आम्ही डबे बडवतच राहायचो.

शेवटी बाबाच म्हणाले, "कापून टाका. बैलाइले चारा तरी होईन." मग उरलेली ज्वारी आम्ही दुधातच कापली. दाणा बोटानं दाबला की पांढरं पाणी यायचं. माय वाकून कापत होती आणि प्रत्येक पेंढीखाली हात फिरवून पाहत होती. सगळं वावर मोकळं झालं तरी गज सापडला नाही. बहुतेक नाल्यात गेला असावा.

त्या वर्षी आम्ही रेशन दुकानातला, कंट्रोलचा तांदूळ खाल्ला. बाबांचा पाय सांधला, पण भातानं त्यांना जेवल्यासारखं वाटेना. भाताचं ताट संपवून ते सवयीनं भाकरीच्या टोपल्याकडे पाहत आणि म्हणत, "हं, आता जेवाले वाढ."

पहिल्यांदा आम्ही हसलो. मग माय उठून आणखी भात वाढू लागली.