काचेवरचं नाव

माझी धाकटी जाऊ सायरागुल हिच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही. ऐकायची इच्छा मात्र फार आहे.

तोकमोक शहराच्या बाजारात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या ओळीत, एका जुन्या मालवाहू डब्यात आमचं स्टिकरचं दुकान आहे. गाडीच्या काचेवर मुलांची नावं, दारावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, नजर लागू नये म्हणून निळा डोळा, जे मागाल ते लावून देतो. ती लग्न होऊन आली तेव्हा हे काम तिला मीच शिकवलं. आधी काच पूस. मग साबणाचं पाणी फवार, म्हणजे स्टिकर सरकवता येतं. रबरी पट्टी मधून कडेला ओढ. बुडबुडा राहिला तर सुईने टोच. एका उन्हाळ्यात पोरगी माझ्या पुढे गेली. काढण्यातही तीच वरचढ. मी पातं घेऊन खरवडत बसते, तर ही केस वाळवायच्या यंत्राने ऊब देते आणि कोपरा धरून सावकाश, काचेलगत मागे ओढत आणते. डिंकाचा डागसुद्धा राहत नाही.

गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून विचारतं, "धाकटी आहे का?"

"मग मी काय इथे शोभेला बसलेय?"

"तसं नाही हो एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मला म्हणतं, "गाडी नवीकोरी आहे ना, म्हणून."

आणि सासूबाई! आम्ही त्यांना आपा म्हणतो. आपांच्या तोंडी उठता बसता सायरागुल. तिचे कणकेचे बोर्सोक तळणीत काय फुगतात, तिच्या हाताला काय बरकत आहे. माझ्या हातचे बोर्सोक वीस वर्षं चहात बुडवून खाल्ले, त्याचं कौतुक एकदाही नाही.

सासऱ्यांना जाऊन या जुलैत वर्ष होणार होतं. तोकमोक ते बिश्केक अशी मिनीबस त्यांनी तीस वर्षं चालवली. आता माझा दीर चालवतो. वर्षाच्या जेवणाला, सगळ्या सोयऱ्यांदेखत, मिनीबसच्या मागच्या काचेवर त्यांचं नाव लावायचं असं आपांनी ठरवलं. ते नाव मी इथे सांगणार नाही. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. त्यांच्या नावात एक धातू येतो, विळा करतात तो. मी त्या धातूलासुद्धा वीस वर्षं 'कडक' म्हणत आलेय. तोंडाने नाही तर निदान हाताने ते नाव एकदा लावावं, असं मला फार वाटत होतं. मोठी सून मी. शेवटच्या आजारात त्यांचे पाय मी चेपले.

आपा म्हणाल्या, "ते सायरागुलवर सोपव. तुझ्या हाताला घाई फार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने आठ अक्षरं कापली, नको तो भाग आकडीने उपसला, अक्षरं एकत्र उचलायला वर चिकट कागद चढवला आणि सगळं दोन फळ्यांमध्ये सपाट ठेवून सावलीच्या कोपऱ्यात सरकवलं.

"दहा दिवस आहेत, एजेके. इथे थंडाव्याला असू दे, म्हणजे डिंक सुटायचा नाही," ती मला म्हणाली. मला! जिने तिला हे शिकवलं तिला!

दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या तयारीला घरी राहिली. दुकानात मी एकटी. मी फळ्या उघडल्या. फाडलं नाही, चुरगाळलं नाही. घट्ट गुंडाळी केली आणि उन्हाकडच्या पत्र्याला टेकवून उभी ठेवली. जुलैत त्या पत्र्याला हात लावता येत नाही. आठ दिवसांनी सपाट करून पुन्हा होती तिथे ठेवून दिली. एकदाच, फक्त एकदा, चारचौघांत तिच्या हातून काहीतरी बिघडावं, एवढंच माझं मागणं होतं.

जेवणाच्या दिवशी अंगणात दीडशे माणूस जमलं. घोड्याचं मांस शिजत होतं. मधोमध गाडी धुऊनपुसून उभी होती. आपांनी तळवे उघडून दुवा मागितली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मग आपा वळल्या त्या माझ्याकडे.

"नूरझमाल, पुढे ये. ही धाकटी दहा दिवस माझं डोकं खातेय. म्हणे, कापायचं ते मी कापलं, पण नाव लागेल ते एजेकेंच्या हातून. म्हटलं, बरोबर आहे पोरीचं. मोठीचाच मान तो."

सायरागुलने दोन्ही हातांनी फळ्या माझ्यापुढे धरल्या. हसत होती मेली.

नाही म्हणावं तर कारण काय सांगू? काच पुसली, पाणी फवारलं. खालचा कागद ओढला तर डिंक तारा काढत त्याच्याबरोबर आला. तसंच काचेला टेकवलं, पट्टी फिरवली. वरचा कागद अक्षरांवर भाजूनच बसला होता. तो सोडवताना पहिलं अक्षर अर्धं वर आलं, तिसऱ्याला सुरकुती पडली, पाचवं फाटलं. मागे कुणी म्हातारा "तोबा, तोबा" म्हणाला.

"काढ ते," आपा म्हणाल्या. "आणि पातं लावशील तर खबरदार. माझ्या माणसाचं नाव आहे."

सायरागुल धावत जाऊन यंत्र घेऊन आली आणि माझ्याशेजारी ऊब देत उभी राहिली. दीडशे माणसांसमोर मी सासऱ्यांचं नाव एकेक अक्षर करून बोटांनी सोलून काढलं. खाली पडलेला कागद तिने उचलला. त्याला गुंडाळीचा बाक आला होता. त्यावरून तिने बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

"असं झालं कसं?" आपांनी विचारलं.

"माझंच चुकलं, आपा," सायरागुल म्हणाली. "मी ते उन्हात ठेवलं."

आपांनी तिला तिथेच पोटाशी धरलं. "असू दे गं. कबूल करायला छाती लागते." बायका डोळे पुसायला लागल्या.

बोटांना डिंक माखलेला, अशी मी बाजूला उभी होते. माझा गुन्हासुद्धा तिला शोभून दिसत होता. तो मला परत हवा होता, पण तोंड उघडलं नाही.