पट्टा तीनदा वरून

तुहामी उस्तादाचं डोकं फिरलं की मोरोक्कोतल्या अख्ख्या फेझ शहराला कळायचं, आणि गेली सात वर्षं ते फिरलेलंच होतं. नाक चोंदलेलं! तोंड वासून झोपायचं, सकाळी घशाला कोरड, दिवसभर पेंग. ना चव, ना वास. आणि सल्ले द्यायला जो तो पुढे. "काही नाही हो, टाइल फोडायची धूळ." "काही नाही, सर्दी." मसालेवाल्यानं तर कलौंजीची पुरचुंडी हुंगायला दिली. बायको रुकय्या ओरडायची, "अहो, जखम मांडीला नि मलम शेंडीला! डॉक्टर गाठा!" पण ऐकेल तो तुहामी कसला.

त्याचं काम असं, की रंगीत टाइलचे तुकडे जमिनीवर पालथे मांडायचे, पाठीवर गिलावा ओतायचा, आणि सुकल्यावर फलक उचलला की मगच नक्षी दिसणार. तोवर सगळं डोक्यात. चांदण्यांभोवतीचा पांढरा पट्टा एकदा दुसऱ्या पट्ट्यावरून, एकदा खालून, असा फिरत फिरत स्वतःच्याच सुरुवातीला येऊन मिळतो. एक फुली चुकली की वीण गेली. चाळीस वर्षांत न चुकलेला तुहामी पेंगेत चुकला. एका गिऱ्हाइकाच्या कारंज्यामागे बसवायचा फलक उचलला, तर पट्टा सलग तीनदा वरून!

कारखाना सांभाळणारा रुकय्याचा भाऊ हमादी सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, झालं तुमचं. घरी बसा, नातवंडं खेळवा."

त्या रागातच तो डॉक्टर लमरानीबाईंकडे गेला. त्यांनी नाकात बारीक दुर्बीण घातली.

"उस्ताद, दोन्हीकडे मांसाचे द्राक्षांसारखे घोस लोंबतायत. साधेच दिसतात, तरी तुकडा तपासू."

"सात वर्षं सगळे म्हणतायत, काही नाही!"

"आणि सात वर्षं तुम्ही कुठे होता?"

उस्तादानं नाक पुढे केलं. "घ्या काय तो तुकडा."

घोस साधेच निघाले. फवारा, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, थोडे दिवस गोळ्या. उरलेले नाकातूनच काढले. "पुन्हा वाढतात मेले, फवारा सोडायचा नाही," बाईंनी दम दिला. काही आठवड्यांनी एका सकाळी त्याला भाजत्या पावाचा वास आला. तो ढसाढसा रडला, आणि मग बघत काय बसलीस म्हणून रुकय्यावरच खेकसला.

तडक कारखान्यात जाऊन त्यानं विचारलं, "माझा फलक कुठाय?"

"बसवला की," हमादी म्हणाला.

"तसाच? ज्या चुकीपायी मला हाकललंस, तीच भिंतीवर लावलीस?"

हातोडी घेऊन तो गिऱ्हाइकाच्या अंगणात शिरला. हमादी धावत मागे. "दाजी, काही नाही हो! कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय!" तुहामी गरजला आणि चुकलेली फुली खणून काढली: वरून जाणारा एक लांब तुकडा, खालून जाणारे दोन आखूड. नवे तिथेच घडवले, आडवे होते ते उभे बसवले. पट्टा वरून गेला, खालून गेला, वरून गेला.

"सोमवारी मी मांडायला येतोय," तो म्हणाला. "फलक उचलताना तू समोर पाहिजेस. आता त्या कपच्या वेच."

हमादी खाली बसला आणि वेचू लागला.